तीनच काडतुसांची गोष्ट

कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उघड्या होडीतून आयडर बदकांच्या शिकारीला निघणाऱ्यांच्या हाती मला बहुतेक वेळा पंप ॲक्शनचीच, म्हणजे नळीखालची मूठ हाताने मागे-पुढे ओढून काडतूस भरायची, बारा बोअर बंदूक दिसते. अर्ध-स्वयंचलित बंदूक पुढचे काडतूस वायूच्या दाबावर किंवा बार उडाल्याच्या धक्क्यावर आपोआप भरते. थंडीत तेल घट्ट झाले किंवा आत खारे पाणी, बर्फ शिरला, की ती यंत्रणा अर्ध्यावर अडते. पंपमध्ये तेच काम हात करतो. अडलेली मूठ जोर लावून मागे ओढता येते, मात्र घाईत ती पूर्ण मागे नेली नाही, तर पुढचे काडतूस येतच नाही.

निवड साधारणपणे रेमिंग्टन 870 आणि मॉसबर्ग 500 या दोन पंप बंदुकांत होते. रेमिंग्टनचे शरीर पोलादी असते आणि सुरक्षा-बटण चापामागे असते. मॉसबर्गचे शरीर ॲल्युमिनियमचे असते आणि सुरक्षा-कळ वर, अंगठ्याखाली येते. ॲल्युमिनियम ऐकून अनेकजण नाक मुरडतात, परंतु दोन्हींत बोल्ट, म्हणजे काडतूस मागून बंद ठेवणारा तुकडा, नळीच्या पोलादी भागातच अडकतो, त्यामुळे बार उडाल्याचा भार त्या हलक्या धातूवर पडत नाही. जाड हातमोज्यात अंगठ्याची कळ सहज सापडते, म्हणून माझे मत मॉसबर्गला. दस्ता लाकडी नको, आणि तेल नाममात्रच लावावे. पहिल्या हिवाळ्यात मी गारठलेली बंदूक थेट उबदार घरात आणली. आत दव जमले, पहाटे बाहेर त्याचा बर्फ झाला आणि बोल्ट जागचा हलेना. तेव्हापासून ती रात्री पेटीत, थंड पडवीतच राहते.

महाराष्ट्रातील नातलगांशी बोलताना विषय रानडुकरांवर येतो: पीक वाचवण्यासाठी शेतकऱ्याला बंदूक द्यावी का, आणि द्यायचीच तर जुन्या दुनळीऐवजी पाच-सहा काडतुसांची पंप का नको? मालाची नासाडी खरी आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही, उभ्या पिकाला धोका निर्माण करणाऱ्या रानडुकराला मारण्याची लेखी परवानगी अधिकृत अधिकारी देऊ शकतो. केरळने 2022 मध्ये हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत नेला. माझा आक्षेप बंदुकीला नाही, काडतुसांच्या मोजणीला आहे.

इथे कॅनडात स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनहून अधिक काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून पंपच्या काडतूस-नळीत (जादा काडतुसे राहतात त्या खालच्या नळीत) आम्ही दांडी घालून ठेवतो. परवान्याआधी सुरक्षा-अभ्यासक्रमाची परीक्षा द्यावी लागते. भारतातही 2016 च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षणाची तरतूद आहे, पण आमच्या गप्पांत तिचे नाव कुणी काढत नाही.

पंप निवडली जाते ती बर्फ, खारे पाणी आणि एकट्या होडीसाठी. उसाच्या फडात रात्री बॅटरीच्या उजेडात चारजण हाका घालत असतील, तर सांध्यात वाकवून उघडलेली दुनळी रिकामी आहे हे सोबत्याला चटकन दिसते. पंपच्या काडतूस-नळीत काडतूस उरले आहे का, हे बाहेरून कळत नाही. पक्ष्यांचे बारीक छर्रे डुकराला मारत नाहीत, जखमी करतात. तिथे एकच जड गोळी लागते. मला विचाराल, तर महाराष्ट्रातल्या माझ्या भाच्याने परवाना मिळाल्यावर दुनळीच घ्यावी.