सगळ्या मुलांना एकच माप, असे पवित्र शास्त्र सांगत नाही

ख्रिस्ती पालकांमध्ये एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: देव पक्षपात करत नाही, म्हणून घरात सगळ्या मुलांना नियम एक, शिक्षा एक, भक्तीची रीतही एकच हवी. मुलाचा ‘स्वभाव’ बघणे म्हणजे त्याच्या पापी वृत्तीला गोंजारणे. छडी आवरली की मूल बिघडते. आणि वळण नीट लावले असेल तर मूल विश्वासापासून कधीच ढळत नाही. प्रत्येक वाक्यामागे एक वचन जोडलेले असल्याने हे सगळे ठाम वाटते. पण तीच वचने संदर्भासकट वाचली की चित्र पालटते.

‘देव पक्षपात करत नाही, म्हणून वागणूक सारखीच हवी.’

पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. योहानाच्या 11व्या अध्यायात लाजराच्या मृत्यूनंतर मार्था आणि मरीया येशूला जवळजवळ त्याच शब्दांत गाऱ्हाणे सांगतात: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता (वचने 21 आणि 32). मार्थेशी येशू पुनरुत्थानाबद्दल बोलतो आणि तुझा यावर विश्वास आहे का, असे थेट विचारतो. मरीयेला मात्र तो काही शिकवत नाही. तिचे रडणे पाहून तो व्याकूळ होतो, आणि रडतो. दोघींवर प्रेम सारखेच होते, गाऱ्हाणेही तेच होते, तरी प्रतिसाद वेगळा मिळाला. पौलही 1 थेस्सलनीकाकरांस 5:14 मध्ये बेशिस्त असणाऱ्यांना ताकीद द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या असे वेगवेगळे सांगतो. सहनशीलता तेवढी सर्वांशी ठेवायला लावतो. खचलेल्याला ताकीद दिली तर तो आणखी खचेल, हे वेगळे सांगायला नको.

पक्षपात कशाला म्हणतात तेही शास्त्रात आहे. शिकारीचे मांस आवडायचे म्हणून इसहाकाचा जीव आपल्या दोन मुलांपैकी एसावावर होता (उत्पत्ती 25:28). आपल्याला सोयीचे किंवा आपल्यासारखे असलेले मूल लाडके ठरते, तो पक्षपात.

घरात याचा अर्थ असा की मर्यादा सर्वांना एकच असावी, तिथपर्यंत नेण्याची वाट वेगळी. खोटे बोलण्याचे उदाहरण घ्या. तीन गोष्टी कोणालाही सुटत नाहीत: खरे सांगणे, क्षमा मागणे, नुकसान भरून देणे. पण भित्रे मूल बहुतेक वेळा रागाच्या धाकाने खोटे बोलते. आपल्याला माहीत असताना त्याला ‘हे तू केलंस का?’ असे विचारणे म्हणजे नव्या खोट्यासाठी दार उघडणे. त्याला भावंडांपासून बाजूला घ्या, समोर उभे करण्याऐवजी शेजारी बसवा आणि हळू आवाजात म्हणा, ‘काय झालं ते मला कळलंय. आता ते कसं निस्तरायचं ते दोघं मिळून बघू.’ धीट, वाद घालणाऱ्या मुलाशी हेच लांबवले तर ते वकिली सुरू करते. त्याला दोन वाक्ये पुरतात: काय चुकले आणि आता काय करायचे. त्यानंतर चर्चा बंद. रंगवून सांगणाऱ्या मुलाला ‘यातलं घडलेलं किती आणि मनातलं किती?’ असे विचारून दोन्ही वेगळे करायला शिकवावे लागते.

‘स्वभाव म्हणजे पापाचेच गोंडस नाव.’

माणूस पापी आहे हे मान्य. पण आईच्या उदरात देवाने घडवले असे स्तोत्र 139 म्हणते, आणि त्या घडणीत लाजरेपणा, चपळाई, आवाज सहन न होणे हेही येते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या अभ्यासात 133 मुलांचा तान्हेपणापासून मागोवा घेतला. त्यांनी स्वभावाची नऊ अंगे मांडली: हालचाल, झोपभुकेची नियमितता, नव्याकडे झुकणे की मागे सरणे, बदलाशी जुळवून घेणे, भावनांची तीव्रता, एकूण मनःस्थिती, संवेदनांची जाणीव, लक्ष विचलित होणे आणि चिकाटी. हे फरक बाळपणापासूनच दिसत होते, आणि मुलाची घडण व घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसत नव्हता तिथे त्रास वाढत होता. काही महिन्यांच्या बाळाच्या या फरकांना पाप म्हणता येत नाही.

स्वभाव ही पापाची सबब मात्र नाही. ‘मी तापटच आहे’ म्हणून भावाला मारणे चालत नाही. पारख करायला हे प्रश्न पुरतात: यातून दुसऱ्याला इजा किंवा अपमान होतो का? आज्ञा कळूनही मोडली का? मूल थकलेले, भुकेले किंवा भेदरलेले आहे का? शेवटच्याचे उत्तर ‘हो’ असेल तर आधी तेच बघा. झुडुपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने दोनदा झोपू दिले, दोनदा खाऊ घातले, आणि मग ‘तू इथे काय करतोस?’ असे विचारले (1 राजे 19).

उपासनेनंतर मंडळीतल्या मोठ्यांशी न बोलणारे मूल उद्धट ठरवले जाते. तिथे दटावले की पुढच्या रविवारी ते आणखी मागे लपते. त्याऐवजी गर्दी होण्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचा. ‘आज फक्त मान हलव’ इतकेच ठरवा. काही आठवड्यांनी एका ओळखीच्या व्यक्तीला ‘प्रभूची शांती’ म्हणणे, मग हात मिळवणे. आपण मात्र त्याच्यादेखत ‘आमचा जरा लाजराच आहे’ म्हणू नये. असे वाक्य सारखे कानावर पडले की मूल स्वतःला तसेच समजू लागते.

‘छडी आवरली की मूल बिघडते.’

छडी आवरणारा आपल्या मुलाचा द्वेष करतो, असे सांगणाऱ्या नीतिसूत्रे 13:24 चा भर प्रेमाने आणि वेळेवर शिस्त लावण्यावर आहे. त्याच पुस्तकात 17:10 म्हणते की समंजसाला एक कानउघाडणी जितकी लागते तितके मूर्खाला शंभर फटके लागत नाहीत. म्हणजे समोर कोण आहे हे ओळखणे शिस्त लावणाऱ्याकडून अपेक्षितच आहे. मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोचान्स्का यांच्या संशोधनातही भित्र्या मुलांत सदसद्विवेक सौम्य शिस्तीने रुजताना दिसला. निर्भय मुलांत तो रुजायला आईशी असलेले जवळिकीचे, विश्वासाचे नाते कामी आले. मारामुळे भित्रे मूल लपवायला शिकते आणि धीट मूल सोसायला. कलस्सैकरांस 3:21 मध्ये बापांना मुले खिन्न होतील असे वागू नका, अशी आज्ञा आहे. ती छडीच्या वचनाखाली दडपता येत नाही.

‘वळण लावले की मूल ढळत नाही.’

मुलाला योग्य मार्गाचे वळण लाव, म्हणजे म्हातारपणीही ते त्यापासून ढळणार नाही, हे नीतिसूत्रे 22:6 चे वचन सूत्र आहे, हमीपत्र नाही. मूर्खाला उत्तर देऊ नको आणि मूर्खाला उत्तर दे, ही दोन्ही सूत्रे 26:4 आणि 5 मध्ये लागोपाठ येतात. कुठे कोणते लागू करायचे ते माणूस आणि वेळ बघून ठरते. यशया 1:2 मध्ये तर खुद्द देव म्हणतो की मी मुलांना लहानाचे मोठे केले आणि त्यांनी माझ्याविरुद्ध बंड केले. मग मूल दूर गेलेल्या आईबापांना दोषी ठरवायचा अधिकार कोणाला?

‘भक्तीची रीत सर्वांना एकच.’

कौटुंबिक प्रार्थना जरूर एकत्र करा. लहान मुले असतील तर दहा-पंधरा मिनिटे पुरे. चुळबुळ्या मुलाला वाचलेला प्रसंग उभा करून दाखवू द्या. अबोल मुलाला मोठ्याने प्रार्थना करायला भाग पाडू नका. त्याने वहीत एक ओळ लिहिली, चित्र काढले किंवा नुसते ‘आमेन’ म्हटले तरी ते सहभागी आहे. शंका काढणाऱ्याला गप्प करू नका. पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला येशूने आपले घाव दाखवले. प्रश्न वहीत टिपून ठेवा आणि ठरलेल्या दिवशी त्याचे उत्तर एकत्र शोधा.

एक गोष्ट आजच थांबवावी: भावंडांसमोर ‘प्रभू, याचा राग काढून टाक, हिला आज्ञाधारक कर’ अशी प्रार्थना करणे. मुलाला ती सगळ्यांसमोर केलेली चहाडी वाटते, आणि पुढे प्रार्थनेची वेळ झाली की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याच्या दोषांसाठी एकांतात प्रार्थना करा. सर्वांसमोर त्या दिवशी त्याच्यात दिसलेल्या एखाद्या चांगल्या गोष्टीबद्दल, तिचे नाव घेऊन, देवाचे आभार माना.

आणि ‘त्याला ते चालतं, मग मला का नाही?’ हा प्रश्न येणारच. पेत्रानेही दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून ‘याचं काय?’ असे विचारले होते. त्याचे तुला काय, तू माझ्यामागे ये, असे उत्तर त्याला मिळाले (योहान 21:22). मुलाला तुलनेचा हिशेब देत बसू नका. ‘त्याच्याबद्दल मी त्याच्याशी बोलेन. तुला काय अवघड जातंय ते सांग,’ असे म्हणा, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐका.