विद्यापीठाने शाळेत यावं, पण पाहुणा म्हणून नको

शाळा आणि विद्यापीठांनी हातात हात घालून काम करावं या गोष्टीला कोणीच नाही म्हणत नाही. करारावर सह्या होतात, फोटो होतो, एक दिवसाची कार्यशाळा होते, तज्ज्ञ बोलतात, शिक्षक ऐकतात, सर्टिफिकेट मिळतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सगळं जसंच्या तसं. मी स्वतः शिकवते आणि मला याचा मनापासून त्रास होतो, कारण विद्यापीठाकडे खरंच असं काहीतरी आहे जे आम्हाला हवंय, आणि आमच्याकडे रोज असं काहीतरी घडतं जे त्यांना कुठल्याच लायब्ररीत सापडणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात भाषणाने नका करू, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापासून करा.

साधा प्रश्न घ्या. ०.३५ आणि ०.८ यातली मोठी संख्या कोणती? एक मुलगी लिहिते ०.३५. चूक, शून्य मार्क, पुढचा पेपर. तिला जवळ बोलावून विचारलं तर ती सांगते, ३५ हे ८ पेक्षा मोठे ना, म्हणजे दशांश चिन्हाच्या पुढचा भाग ती पूर्ण संख्येसारखा वाचतेय. शेजारच्या मुलाने ०.८ लिहिलंय, बरोबर, पूर्ण मार्क. आता त्याला कारण विचारा. तो म्हणतो, जितके आकडे कमी तितकी संख्या मोठी! हाच मुलगा उद्या ०.३५ पेक्षा ०.२ मोठे म्हणणार, पण आज त्याच्या नावापुढे बरोबरची खूण आहे आणि आपण निश्चिंत आहोत. गणित शिक्षणावर संशोधन करणाऱ्यांनी हे दोन्ही गैरसमज केव्हाच ओळखून ठेवलेत, कुठल्या संख्यांची जोडी दिली की कुठला गैरसमज उघडा पडतो हे त्यांना माहितीये. मला ते माहीत असतं तर मी प्रश्नच वेगळा काढला असता. आणि कुठलं मूल कारण विचारल्यावर घाबरून गप्प बसतं, कुणाला फळ्यापाशी नाही तर बाकापाशी जाऊन विचारावं लागतं, हे मला माहितीये, त्यांना नाही. दोघं एका टेबलावर बसले तरच चांगला प्रश्न तयार होतो.

असं घडलेलं आहे, मी मनचं सांगत नाहीये. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये वर्गातल्या मूल्यमापनावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, आणि पुढच्याच वर्षी त्यांची टीम मेडवे आणि ऑक्सफर्डशरमधल्या ६ शाळांबरोबर कामाला लागली, सुरुवातीला गणित आणि विज्ञानाचे २४ शिक्षक. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्यांनी शिक्षकांना तयार रेसिपी दिली नाही. काही शिक्षक आधी वैतागले, त्यांना वाटलं की या लोकांना उत्तर माहितीये आणि मुद्दाम सांगत नाहीयेत. तसं नव्हतं. काय करायचं ते शिक्षकांनीच आपापल्या वर्गापुरतं ठरवलं. कुणी प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकलं (एरवी आपण जेमतेम एक सेकंद थांबतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो), कुणी वहीवर मार्क देणं बंद करून नुसता शेरा लिहायला लागलं, कुणी मुलांनाच हिरवा-पिवळा-लाल रंग देऊन आपल्याला किती कळलंय ते दाखवायला सांगितलं. संशोधक वर्गात येऊन बसायचे, मग बोलणं व्हायचं, पुन्हा वर्ग. मुलांचे निकाल सुधारले.

नुसत्या शेऱ्याचं तर मला फारच पटतं. मार्क आणि शेरा दोन्ही दिले की मूल आकडा बघतं, शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि वही मिटतं, शेरा वाचायचाच राहतो. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात हेच दिसलं होतं, फक्त शेरा मिळालेली मुलं पुढे गेली, मार्कांसोबत शेरा मिळालेल्यांना त्याचा फायदा झाला नाही.

पण हे सगळं शाळा सुटल्यावर, उरलेल्या वेळात होत नाही हो. आठवड्यातले दोन तास तरी वेळापत्रकातून मोकळे हवेत, आणि त्या तासांना दुसऱ्या वर्गावर पाठवायचं नाही हे मुख्याध्यापकांनी लिहून द्यायला हवं. फिनलंडमध्ये विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत, तिथले शिक्षक भावी शिक्षकांना मार्गदर्शन करतात आणि ते त्यांच्या कामाचाच भाग धरलं जातं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा, म्हणजे शिकवण्याच्या कल्पना खऱ्या वर्गात करून बघायची शाळा, काढली ती १८९६ मध्ये, म्हणजे कल्पना जुनीच आहे, अडतंय ते वेळ आणि मान देण्यापाशी.

मानाचं पण बोलते. प्राध्यापकांचं प्रमोशन पेपरवर ठरतं, वर्गात मागच्या बाकावर काढलेले तास कुठे धरले जात नाहीत, मग तेही बिचारे किती दिवस येतील? ते तास त्यांच्या कामात मोजा. आणि संशोधन आमच्या वर्गात झालं असेल तर पेपर छापायला जायच्या आधी आम्हाला वाचायला द्या, आमच्या भाषेत द्या, चुकीचं वाटलं तर बोलू द्या. ज्या शिक्षिकेने प्रश्न बदलले, मुलांशी बोलली, नोंदी ठेवल्या, तिचं नाव आभारात शेवटी टाकू नका, लेखकांमध्ये टाका.