येऊरला लपून नको, पायथ्याच्या गावात जागा द्या

दर पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत तोच वाद पेटतो. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर बंदीचा आदेश निघतो, मग एक बाजू म्हणते बंदी हवीच, दुसरी म्हणते डोंगर सगळ्यांचे. हल्ली त्यात एक नवा सूर ऐकू येतो: परदेशात लोक कुणाला पत्ता लागू न देता रानात रात्र काढतात, मग ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात आपण का नाही? मी स्कॉटलंडमध्ये राहतो, आणि हा दाखला इथून फार अर्धवट दिसतो.

स्कॉटलंडमध्ये लपावंच लागत नाही. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर, ती खासगी असली तरी, तंबू टाकायचा हक्क दिला आहे. त्यासोबत आचारसंहिता आहे: गट लहान, एका जागी दोन-तीन रात्री, घरं आणि रस्ते लांब, शौचाला पाण्यापासून किमान ३० मीटर दूर. लॉक लोमंड तळ्याच्या काठी गर्दीने धुडगूस वाढला, तेव्हा २०१७ पासून काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना सक्तीचा झाला. हक्क आहे, पण मोकाट नाही.

लपून राहणाऱ्यांचं तंत्र मात्र जरूर शिकावं. जेवण मुक्कामाच्या तासभर अलीकडेच उरकायचं, अंधारताना पोचायचं, उजाडताना निघायचं, शेकोटी अजिबात नाही. सामान म्हणजे ३ बाय ३ मीटरचा टार्प, म्हणजे सिलिकॉन लावलेल्या नायलॉनची हलकी ताडपत्री (साधारण अर्धा किलो), ३ मिलिमीटर जाडीची १० मीटर दोरी, सहा-आठ खुंट्या आणि कॅरीमॅट (अंथरायची फोमची चटई). दोरी दोन झाडांत कमरेच्या उंचीवर ताणायची आणि टार्पची वाऱ्याकडची कड जमिनीला भिडवायची. पावसात झाडावरून येणारं पाणी दोरीवरून ओघळत थेट टार्पखाली येतं. म्हणून टार्पच्या जरा बाहेर दोरीला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडायची, पाणी तिथेच गळून पडतं.

पण हाच संच सह्याद्रीत जसाच्या तसा चालत नाही. स्कॉटलंडमध्ये विषारी साप एकच, ॲडर, आणि तो सहसा चावत नाही. आपल्याकडे मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि दंश इतका हलका असतो की पुष्कळदा कळतही नाही. उघड्या टार्पखाली कॅरीमॅटवर झोपणं सह्याद्रीत धोक्याचंच. तळ शिवलेली, चेनची मच्छरदाणी हवीच. चेन कायम बंद, बूटही आत. वजन अर्धा किलो वाढलं तर वाढू द्या. हॅमॉक (झाडांना बांधायची झोळी) असेल तर झाडं चार-पाच मीटर अंतरावरची, पट्टे रुंद, म्हणजे सालीला काच बसत नाही.

पाण्याचा हिशेब तर वेगळाच. जानेवारीनंतर बरेच झरे आटतात, म्हणजे माणशी चार लिटर पाठीवर. टार्पमुळे वाचवलेलं वजन पाण्यातच जातं. फेब्रुवारी ते मे गवत इतकं वाळलेलं असतं की स्टोव्हही पेटवू नये. वणव्याला एक ठिणगी पुरते. आणि पावसाळ्यात ओढ्याच्या पात्रात, कितीही सपाट आणि कोरडं दिसलं तरी, तंबू टाकू नये. वर पडलेला पाऊस खाली दिसत नाही.

येऊरला तर मी ठामपणे नाही म्हणेन. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे विनापरवाना शिरणं गुन्हा आहे, आणि रात्र ही तिथल्या बिबट्यांची वेळ आहे. तुम्ही कुठे आहात हे कुणालाच ठाऊक नसेल, तर अपघात झाल्यावर शोधायला कोण आणि कुठे येणार?

म्हणून नुसती बंदी पुरेशी आहे, असंही नाही. जायला वैध जागाच नसेल तर माणसं लपूनच जाणार. पनवेलजवळ प्रबळगडाच्या प्रबळमाचीवर गावकऱ्यांच्या अंगणात आजही तंबू लागतात. पनवेल, खारघर, मलंगगड परिसरातल्या संरक्षित वनाबाहेरच्या गावांत असंच व्हावं: दहा-बारा तंबूंची आखलेली जागा, नोंदवही, नळ, शौचालय, स्पीकरला मनाई, ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढाच हंगाम, आणि शुल्क थेट ग्रामपंचायतीकडे.