खुलासा: लुबंटू प्रत्येक जुन्या पीसीवर चालत नाही
‘विंडोज 10 बंद पडलं, कुठल्याही जुन्या पीसीवर लुबंटू टाका’ असा मेसेज डिचोली-फोंड्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. (लुबंटू म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी हलकी लिनक्स सिस्टम.) विंडोज बंद पडलेलं नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला मोफत सपोर्ट संपला, एवढंच. आणि लुबंटूची 32-बिट आवृत्ती 19.04 या व्हर्जनपासून निघतच नाही, म्हणून फक्त 32-बिट प्रोसेसर असलेल्या पीसीवर नवं लुबंटू चालत नाही.

आधी सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये ‘सिस्टम टाइप’ बघा. विंडोज 32-बिट असलं तरी पुढे ‘एक्स64-बेस्ड प्रोसेसर’ (म्हणजे 64-बिट) लिहिलेलं असेल तर लुबंटू बिनधास्त टाका. (इथेच बरेच जण फसतात.) ‘एक्स86’ (म्हणजे 32-बिट) असेल तर अँटीएक्स 23 या दुसऱ्या हलक्या लिनक्सची 32-बिट आवृत्ती घ्या.

ब्राउझर मात्र रॅम खाणारच. 1 जीबीत यूट्यूबची हौस नको.