लष्कराच्या भाकऱ्या नाहीत सर, आपल्याच पोरांच्या आहेत

सर, नमस्कार.

टीवायबीएच्या मुलांना इंग्रजी बोलणाऱ्या देशांची संस्कृती आणि अस्मिता हा पेपर मी कसा शिकवते, ते मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत : "ताई, आपल्या पोरांना इंग्रजीत साधा अर्ज लिहिता येत नाही आणि तुम्ही न्यूझीलंडच्या लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. गोरे गेले, पण त्यांच्या घराण्याच्या पोथ्या वाचायची हौस काही जात नाही."

तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवलेला माणूस इतक्या कळकळीने बोलतो, तेव्हा 'प्रतिक्रियेबद्दल आभार' म्हणून मोकळं होणं मला जमणार नाही. म्हणून हे उत्तर.

अर्जाचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के खरं आहे. आमच्या कॉलेजात शिरपूर, शहादा, साक्रीकडची मुलं येतात आणि तिसऱ्या वर्षातही 'आय ॲम गो' लिहितात. शनिवारचे दोन तास मी फक्त अर्ज, ईमेल आणि मुलाखत यांना देते. त्यावर आपला वाद नाही.

वाद पोथ्यांबद्दल आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत हाना-रावहिती मैपी-क्लार्क या २२ वर्षांच्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, खासदार मुलीने एका विधेयकाची प्रत फाडली आणि हाका हा माओरींचा ललकारीचा पारंपरिक नाच सुरू केला. ती रील आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिली होती. "कशावर चिडली होती रे ती?" असं विचारलं तर सगळे गप्प. मग मी वाइतांगीचा करार वाचायला घेतला. ६ फेब्रुवारी १८४० चा करार. एका बाजूला ब्रिटिश राणी, दुसऱ्या बाजूला माओरी सरदार. त्याच्या प्रती दोन भाषांत, आणि सगळं भांडण तिथेच. इंग्रजी प्रतीत सरदार राणीला 'सॉव्हरेंटी' देतात, म्हणजे सार्वभौमत्व. हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने मुलाच्या मदतीने एका रात्रीत माओरी तर्जुमा केला आणि त्या जागी शब्द घातला 'कावानातांगा'. 'गव्हर्नर'चं माओरी तोंडात 'कावाना' झालं होतं, त्यावरून हा बनवलेला. अर्थ फार तर कारभार पाहणं. आणि पुढच्याच कलमात सरदारांना आपल्या जमिनी, गावं आणि सगळ्या ठेव्यावर 'रांगातिरातांगा', म्हणजे सरदारकी, कायम ठेवली. पाचशेहून जास्त सरदारांनी या करारावर सह्या केल्या. त्यातल्या इंग्रजी प्रतीवर फक्त ३९ जणांच्या.

मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि खाली मराठीत लिहायला सांगितलं. तासभर मुलं भांडत होती. सत्ता म्हणायचं, राज्य म्हणायचं, की कारभार? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, सातबारा आपल्या नावावर आणि कुळ म्हणून दुसरा कसतोय, तसं आहे का हे?" तंतोतंत तसं नाही, पण त्याला गाठ सापडली होती. 'सॉव्हरेंटी' हा शब्द तो आता जन्मात विसरणार नाही. पाठ्यपुस्तकातली शब्दांची यादी घोकून हे झालं नसतं. २०१४ मध्ये या कराराच्या भंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी ट्रिब्युनलनेच म्हटलं की उत्तरेकडच्या सरदारांनी १८४० च्या त्या फेब्रुवारीत सार्वभौमत्व सोडलेलंच नव्हतं. आणि त्या मुलीने फाडलेलं विधेयक याच कराराची तत्त्वं नव्याने ठरवू पाहत होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते ११ विरुद्ध ११२ मतांनी पडलं.

ही गोऱ्यांच्या घराण्याची पोथी कशी, सर? ही तर त्यांच्याकडे मागितलेल्या हिशेबाची वही आहे.

ब्रिटनचंही तसंच. तिथल्याच वेल्समधल्या लोकांना आणि त्यांच्या भाषेला 'वेल्श' म्हणतात, पण हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीत परक्यांसाठी वापरायचे. म्हणजे आपल्याच मुलखात ते लोक परके ठरले. ते स्वतः देशाला 'कम्री' म्हणतात, त्याच्या मुळाशी आहे 'एका मुलखाचे सोबती'. १८४७ मध्ये तिथल्या शाळांवर सरकारी अहवाल आला. तो तयार करणाऱ्या तिघा आयुक्तांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं, आणि त्यांनी लोकांच्या मागासपणाचं खापर त्यांच्या भाषेवर फोडलं. त्या शतकात कित्येक शाळांत लाकडाचा एक तुकडा असायचा, त्यावर 'डब्ल्यू. एन.' कोरलेलं, म्हणजे 'वेल्श नॉट'. जे मूल वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात तो अडकवायचा. त्याने दुसऱ्याला बोलताना पकडलं की तुकडा त्या दुसऱ्याच्या गळ्यात जायचा. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्याला छडी. असा सरकारी कायदा नव्हता बरं का. मास्तर आपणहून करायचे, आणि कितीतरी आईबापांना ते पटायचं, कारण इंग्रजी आलं तर पोराचं भलं होईल.

हे सांगून झालं आणि वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगी उठली. शहरातल्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता, असं तिने सांगितलं. तिच्या शेजारची बराच वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करत होती. ती म्हणाली, "मॅडम, मी मराठी शाळेतच होते. पहिलीत 'मला' ऐवजी 'माले' म्हटलं तर बाईंनी सगळ्या वर्गाला हसायला लावलं." तिच्या घरी अहिराणी आहे. त्यानंतर चौथीपर्यंत ती वर्गात बोललीच नाही.

सर, मी स्वतः अहिराणी घरातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

इंग्रजी साहित्य आपल्या कॉलेजांत साहेबाचं मोठेपण ठसवायला आलं, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आपल्याकडे ते शिकवलं जात होतं तेव्हा खुद्द ऑक्सफर्डला त्याचा स्वतंत्र अभ्यासक्रमही नव्हता. तो १८९४ चा. मी शिकले तेव्हाही आम्हाला न पाहिलेल्या फुलांची वर्णनं पाठ करायला लावली, आणि वेल्समध्ये आजही पाच लाखांवर लोक वेल्श बोलतात, हे एम.ए. होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणूनच हा पेपर मला सोडवत नाही. इंग्रजी शिकायचंच आहे, त्यातून सुटका नाही. मग तिने कुणाकुणाची तोंडं बंद केली आणि ती तोंडं पुन्हा कशी उघडली, हेही आमच्या मुलांना त्याच इंग्रजीत वाचता आलं पाहिजे. नाहीतर उद्या हीच मुलं मास्तर होतील आणि एखाद्या 'माले'वर हसतील.

पुढच्या गुरुवारी आयर्लंड आहे. १९३७ च्या त्यांच्या राज्यघटनेचं आठवं कलम आयरिशला पहिली राजभाषा म्हणतं आणि इंग्रजीला दुसरी, पण बहुतेक घरांत बोलतात ती दुसरीच. सकाळी अकराला तास असतो. तुम्ही याच, सर. अहिराणी आणि पावरी बोलणारी पहिलीची पोरं तीस वर्षं तुमच्यासमोर बसली. पहिल्या दिवशी तुम्ही त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचात, ते मुलांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. मलाही.