तिवरांवर विष टाकलेलं नाही, आधी पान हातात घेऊन पाहा

गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. ऐरोली खाडीतल्या तपकिरी पडलेल्या तिवरांचा (खारफुटीतली एक जात) फोटो आणि खाली मजकूर: 'बिल्डर लॉबीने रात्रीत विष टाकून खारफुटी मारली. झाडांवर परदेशी अळ्या पसरल्यात, अंगाला लागल्या की फोड येतात. ताबडतोब फवारणी करायला लावा.' फोटो खरा आहे. मजकूर मात्र चुकीचा आहे, आणि त्यातली शेवटची मागणी तर घातकच आहे.

आधी विषाबद्दल. रविवारी सकाळी मी दिवा कोळीवाड्याच्या बाजूला गेलो आणि तिवराची एक फांदी खाली ओढून पाहिली. रसायनाने मेलेलं पान वाळतं, गळतं, पण ते कुणी कुरतडलेलं नसतं. इथे काही पानांचा गर खरवडून नुसती शिरांची जाळी उरली होती, काहींची तर फक्त मधली शीर. एका पानाची कड दुमडून रेशमी धाग्याने चिकटवलेली होती. ती उलगडली, तर आत काळपट हिरवी, अंगावर उभे पट्टे असलेली अळी. बोट लागताच ती धागा सोडत खाली लोंबकळली. चिखलावर बारीक काळ्या लेंड्यांचा सडा पडला होता. चार पावलांवरची चिपी, म्हणजे खारफुटीतलीच दुसरी जात, मात्र हिरवीगार होती आणि मारांडीच्या झुडपांची काटेरी पानंही शाबूत होती. खाडीत विष ओतलं असतं, तर एकटी तिवरंच कशी करपली असती?

ही अळी हायब्लिया प्युरा या पतंगाची. सागाची पानं खाणारी म्हणून वनखात्यात ती जुन्या ओळखीची आहे. खाडीत तिला तिवराचा पाला चालतो. पावसाळ्यात तिवराला कोवळी पालवी फुटते, तिच्यावर मादी अंडी घालते आणि पावसाळा सरता सरता अळ्यांचा सुकाळ होतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास साधारण तीन-चार आठवड्यांचा. पतंग पंख मिटून बसला की वाळक्या पानासारखा, राखाडी-तपकिरी. उडाला की मागच्या काळपट पंखांवरचे नारिंगी पट्टे क्षणभर चमकतात. एकदा पाहिलात की विसरणार नाही.

'परदेशी' म्हणाल, तर हा पतंग आपल्याकडचाच आहे. केरळात निलंबूरच्या सागवानात याच अळीवर कित्येक वर्षं अभ्यास झालाय. फोड आणणारे विषारी केस तिच्या अंगावर नाहीत. मी तळहातावर घेतली, काही झालं नाही.

आता फवारणी. तिवराखालची जमीन म्हणजे रोज दोनदा भरतीच्या पाण्याखाली जाणारा चिखल. पानावर मारलेलं कीटकनाशक त्याच पाण्यात उतरणार. तिथे खेकडे आहेत, कोळंबीची पिल्लं आहेत, चिखलातले निवट्या मासे आहेत, आणि त्यावर कोळीवाड्यातल्या घरांची चूल पेटते. अळीला मारणारं औषध खेकड्या-कोळंबीलाही सोडत नाही. शेजारी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आणि फवारायचं कशासाठी? तिवराला नवी पालवी फुटते. पक्षी, आठ पायांचे कोळी आणि परजीवी कीटक अळ्यांवर तुटून पडतात. एक विषाणूही याच अळीला गाठतो आणि मेलेली अळी फांदीवर मऊ होऊन लोंबते. केरळातल्या वनसंशोधकांनी त्याच विषाणूपासून सागासाठी जैविक उपायही तयार केलाय.

बिल्डरांवरचा राग मला कळतो, कारण खारफुटी खरोखरच मारली जाते. पण ती बहुतेक वेळा डेब्रिज टाकून, बांध घालून, भरतीचं पाणी तोडून. तिथे फक्त तिवर नाही, चिपीसुद्धा वाळते आणि पानं कुरतडलेली नसतात. सार्वजनिक हिताची अपरिहार्य कामं वगळता खारफुटी तोडायला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालाने बंदी आहे, आणि तक्रार घ्यायला वनविभागाचा कांदळवन कक्ष आहे. म्हणून पुढच्या वेळी लांबून फोटो काढलात, तर एका पानाचा जवळूनही काढा आणि पाणी मुळांपर्यंत पोचतंय का तेही बघा. भराव दिसला, तर मला सांगा. तक्रार द्यायला मी तुमच्याबरोबर येतो.