फाळक्यांनी स्त्रियांना पडद्यापासून दूर ठेवले, हे धादांत खोटे आहे

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो आहे. दादासाहेब फाळके यांनी संस्कृतीची मर्यादा राखण्यासाठी स्त्रियांना मुद्दाम कॅमेऱ्यापासून लांब ठेवले, मूकपटांच्या काळात एकाही मराठी स्त्रीने पडद्यावर पाऊल ठेवले नाही, ती ‘कीड’ परक्या बायकांनी आणली आणि ‘राजा हरिश्चंद्र’ हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट होता, असे त्यात ठासून सांगितले आहे. माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पाच्या वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला, तेव्हा गप्प बसणे अशक्य झाले.

1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचे काम अण्णा साळुंके या तरुणाने केले, एवढे खरे आहे. पण त्यात मर्यादेचा काय संबंध? फाळक्यांनी त्या भूमिकेसाठी स्त्री मिळावी म्हणून खटपट केली, वेश्यावस्तीतही विचारून पाहिले. कोणी तयार होईना, तेव्हा नाइलाजाने हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना साडी नेसवावी लागली. या नाइलाजाला तत्त्व म्हणणे हा फाळक्यांवरही अन्याय आहे.

त्यांच्या लगेचच्या पुढच्या चित्रपटात, ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची कन्या कमला, जी पुढे कमलाबाई गोखले म्हणून मराठी रंगभूमीवर नावारूपाला आली. चंद्रकांत गोखले हे तिचे चिरंजीव आणि विक्रम गोखले हे नातू, म्हणजे हे घराणे महाराष्ट्राला अपरिचित आहे असेही नाही. स्त्रीने नाटकात उभे राहणेही ज्या काळात लाजिरवाणे मानले जात होते, त्या काळात नवऱ्यापासून वेगळे होऊन मुलीला वाढवणाऱ्या दुर्गाबाईंनी समाजाचा रोष पत्करून हे काम केले. ‘एकाही मराठी स्त्रीने नाही’ या तीन-चार शब्दांनी या मायलेकींना इतिहासातून पुसून टाकले जाते, आणि मला सर्वांत जास्त संताप याचाच येतो.

मर्यादेचा दावा खोडून काढायला तर खुद्द फाळक्यांचा 1919 चा ‘कालिया मर्दन’ पुरेसा आहे, आणि सुदैवाने त्याचा बराच भाग आजही उपलब्ध आहे. यातला कृष्ण म्हणजे फाळक्यांची स्वतःची लहान मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी तिचा चेहरा जवळून दाखवला आहे. एकामागून एक भाव ती चेहऱ्यावर आणते आणि मग त्याच चेहऱ्याच्या जागी कृष्ण दिसू लागतो. कृष्णाच्या वेषामागे आपली मुलगी आहे, हे बाप प्रेक्षकांना आधी, आवर्जून, पडद्यावर दाखवतो. स्त्रियांना कॅमेऱ्यापासून दूर ठेवणारा माणूस असे का करील?

कॅमेऱ्यामागचे सांगायचे तर फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्याविना पहिला चित्रपट पुरा झालाच नसता. कच्ची फिल्म तेव्हा कडेच्या भोकांशिवाय येत असे; ती भोके यंत्राने अंधारात पाडणे, चित्रित फिल्म धुणे आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्या सांभाळत होत्या.

‘परक्या बायकां’च्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, तेही मान्य करतो. 1920 च्या दशकात पेशन्स कूपर, सीता देवी म्हणून गाजलेल्या रेनी स्मिथ, सुलोचना म्हणून गाजलेल्या रूबी मायर्स या अँग्लो-इंडियन आणि यहुदी अभिनेत्री आघाडीवर होत्या. पण रूबी मायर्स पुण्यात जन्मल्या. त्यांना परक्या कोणत्या हिशेबाने ठरवायचे? फातमा बेगम यांनी तर 1926 मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, आणि त्यांचीच मुलगी झुबेदा 1931 च्या ‘आलम आरा’ या भारतातल्या पहिल्या बोलपटाची नायिका झाली. या स्त्रियांच्या कष्टावर उभ्या राहिलेल्या धंद्यात त्यांनाच ‘कीड’ म्हणणे नीचपणाचे आहे.

जगातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो. ऑस्ट्रेलियात 1906 मध्येच ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा तासाभराहून मोठा चित्रपट दाखवला गेला होता, आणि सुमारे 3,700 फूट लांबीचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला तो 3 मे 1913 रोजी.